अगाथा ख्रिस्तीच्या उरलेल्या चार कादंबऱ्या राखून ठेवाव्यात की वाचून टाकाव्यात?

तुम्ही लिहिलंय की अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांपैकी आता चारच वाचायच्या उरल्यात. त्या वाचल्या की नवीन काहीच राहणार नाही, म्हणून तीन वर्षं कपाटात तशाच ठेवल्यात, आणि घरचे हसतात. मी तर हसणार नाही. मी नागपूरची, आणि माझ्या कपाटात एकेकाळी अशा सहा होत्या. आज एकच आहे. बाकीच्या पाचांचं काय झालं ते सांगते.

हा प्रश्न सगळ्याच लेखकांच्या बाबतीत पडत नाही, हे आधी सांगायला हवं. माझी आत्या नागपूरच्या महाल भागात राहायची आणि बाबूराव अर्नाळकरांची भक्त होती. वाचनालयातून संध्याकाळी पुस्तक आणायचं, रात्रीत संपवायचं, दुसऱ्या दिवशी बदलून आणायचं. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे पुस्तकं संपतील ही भीती तिच्या मनाला शिवलीच नाही. माझं कपाट बघून ती म्हणायची, “काय जपून राहिली गं तू? वाचून टाक ना.” पण अगाथाबाईंच्या रहस्यकादंबऱ्या ६६. महिन्याला एक म्हटलं तरी साडेपाच वर्षांत खेळ खलास. आणि रहस्यकथेत खुनी कोण हे न कळता वाचण्याचा आनंद एका पुस्तकाला एकदाच मिळतो. कवितेचं, प्रवासवर्णनाचं तसं नाही. म्हणून तुमचा हात अडतो, ते अगदी बरोबर आहे.

आता माझ्या पाच.

पहिलीचं नाव ‘थर्टीन ॲट डिनर’. चार वर्षं ठेवली होती. मुंबईला एका कामासाठी एकटीच निघाले होते, तेव्हा विदर्भ एक्सप्रेसमध्ये वाचायची असं ठरवून पिशवीत टाकली. अजनी गेलं, पुस्तक उघडलं, आणि वर्धा यायच्या आतच कळलं की ही तर ‘लॉर्ड एजवेअर डाइज’! ती मी कॉलेजात असतानाच वाचलेली. १९३३ची ही कादंबरी इंग्लंडमध्ये एका नावाने निघाली आणि अमेरिकेत दुसऱ्या. चार वर्षं मी वाचून झालेलं पुस्तक जपत होते. रात्रभर गाडीत डोळा लागला नाही, इतकं वाईट वाटलं. म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती, आजच तुमच्या चारही पुस्तकांची नावं तपासा. ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ म्हणजेच ‘मर्डर इन रेट्रोस्पेक्ट’, ‘डेथ इन द क्लाउड्स’ म्हणजे ‘डेथ इन द एअर’, ‘आफ्टर द फ्युनरल’ म्हणजे ‘फ्युनरल्स आर फेटल’. जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकन आवृत्त्या हमखास सापडतात, आणि मागच्या मजकुरावरून काही लक्षात येत नाही.

दुसरी बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांत मिळालेली. ती नागपूरच्या उन्हाने नेली. वरच्या मजल्यावरच्या खोलीत लोखंडी कपाट, मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, कपाट हाताला चटका देईल इतकं तापलेलं. पेपरबॅकच्या पुठ्ठ्याला पानं नुसत्या गोंदाने चिकटवलेली असतात. तो गोंद वाळून कडक होतो, तडकतो आणि पानं सुटी होतात. पावसाळ्यात त्याच कपाटात ओल धरते आणि कसर लागते. मी पुस्तक हातात घेतलं तर शेवटची पानं नव्हतीच. ती आमच्याकडे गळाली की विकत घेतानाच नव्हती, तेही सांगता येईना, कारण रहस्य फुटेल या भीतीने मी शेवट कधी उघडूनच पाहिला नव्हता. तेव्हापासून जुनी रहस्यकथा घेतली की शेवटचं पान नवऱ्याला बघायला सांगते. तो बघतो, मान हलवतो, पुस्तक मिटून माझ्या हातात देतो. तुम्हीही घरातल्या, ही पुस्तकं न वाचणाऱ्या कुणाला तरी हे काम सांगा. आणि पुस्तकं भिंतीला लागून असलेल्या किंवा वरच्या तापणाऱ्या कपाटातून काढून आतल्या खोलीत, खालच्या फळीवर ठेवा. मी मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते आणि दर दिवाळीला बदलते.

तिसरीचा खुनी एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, एका नातेवाइकाने सांगून टाकला. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. राखून ठेवलेलं पुस्तक जितकी वर्षं पडून राहील तितकी ही शक्यता वाढते, एवढं मात्र खरं.

चौथीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ही चूक तुम्हीही करत असाल असं वाटतं. मी पुस्तकं साधारण प्रकाशनाच्या क्रमाने वाचत गेले, त्यामुळे राखलेल्यांत शेवटच्या काळातली आपोआप आली. ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’, १९७२. शेवटचं म्हणजे सगळ्यात खास, असं मनात धरून बसले होते. वाचली आणि मन खट्टू झालं. माणसं तेच तेच बोलतात, तारखा आणि वयं जुळत नाहीत, धागे सुटतात. पुढे वाचनात आलं की टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये तिच्या कादंबऱ्यांतले शब्द संगणकाने मोजले होते. अखेरच्या काळातल्या पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या बरीच घटलेली, तीच ती वाक्यं आणि ‘थिंग’, ‘समथिंग’ असे मोघम शब्द वाढलेले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी असा त्यांचा अंदाज. तसं निदान तिच्या हयातीत कधी झालं नव्हतं. हे कळल्यावर मी ती कादंबरी पुन्हा काढली. जुन्या गोष्टी कुणाला किती आठवतात याचाच शोध घेणारी कादंबरी, आणि लिहिणारी बाई ऐंशी ओलांडलेली. माझा राग गेला, पण वर्षानुवर्षं ठेवून शेवटी खायच्या घासासारखं ते पुस्तक नाही, हे मत कायम आहे. तिने सगळ्यात शेवटी लिहिलेली ‘पोस्टर्न ऑफ फेट’, १९७३ची, तिच्याबद्दलही तेच. या दोनपैकी काही तुमच्याकडे असेल तर ती आधी वाचून घ्या.

याच्या अगदी उलट दोन आहेत. ‘कर्टन’ १९७५ मध्ये आली आणि ‘स्लीपिंग मर्डर’ १९७६ मध्ये, ती गेल्यावर. पण लिहिल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लेखणी ऐन भरात असताना. लंडनवर बॉम्ब पडत होते, आपलं काही बरंवाईट झालं तर मागे काहीतरी असावं म्हणून तिने त्या लिहून कडीकुलपात ठेवल्या. ‘कर्टन’चे हक्क मुलीच्या नावे, ‘स्लीपिंग मर्डर’चे नवऱ्याच्या नावे. साधारण तीस वर्षं! तुम्हाला हसणाऱ्या घरच्यांना हे जरूर सांगा, राखून ठेवणं खुद्द लेखिकेनेच केलेलं आहे. ‘कर्टन’मध्ये काय घडतं ते इथे लिहीत नाही, ती तुमच्या चारांत असू शकते. पॉयरो या तिच्या गुप्तहेराच्या बाकी सगळ्या वाचून झाल्याशिवाय तिला हात लावू नका, एवढंच.

पाचवी ‘फाइव्ह लिटल पिग्ज’, आणि हिच्यासाठी सगळं राखणं सार्थकी लागलं. बाबांना हृदयविकाराचा झटका आला, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात ठेवलं. रात्री बाहेरच्या बाकावर एकच माणूस थांबू शकत होतं. फोनमध्ये लक्ष लागेना, देवाचं नाव घेतलं तर रडू येई. भावाला फोन करून सांगितलं, कपाटातलं खालून दुसरं पुस्तक घेऊन ये. त्या कादंबरीत एक मुलगी सोळा वर्षांपूर्वीच्या खटल्याचं सत्य शोधायला पॉयरोकडे येते. तिच्या आईला तिच्या वडिलांच्या खुनाबद्दल शिक्षा झालेली असते. तेव्हा हजर असलेली पाच माणसं एकेक करून आपापली हकीकत लिहून देतात. मी एक हकीकत वाचायची, आत जाऊन काचेतून बाबांना बघायचं, परत येऊन दुसरी वाचायची. नर्सने हाक मारली की बोट पानात ठेवून उठायचं. नव्या, अनोळखी लेखकाला त्या रात्री मी दहा पानंही दिली नसती. हा हात ओळखीचा होता. ही बाई शेवटी सगळं नीट उलगडून सांगणार, यावर पूर्ण भरवसा होता, आणि तरी पुढे काय ते माहीत नव्हतं. पहाटे शेवटचं प्रकरण संपलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

म्हणून तुमच्या चारांपैकी एकच राखा, अशा रात्रीसाठी. कुठे ठेवली आहे ते घरातल्या एकाला सांगून ठेवा. बाकीच्या तीन वाचा. पुढे काय, ही भीती मलाही होती. पण साठाच्या वर पुस्तकं वाचून होईतो पहिल्या दहांतले खुनी मी विसरले होते. परवाच एक जुनी काढली, दीडशे पानांपर्यंत भलत्याच माणसावर संशय घेत होते.

माझ्याकडे उरलेली ती ‘स्लीपिंग मर्डर’. आतल्या खोलीत, खालच्या फळीवर, कडुनिंबाच्या पाल्यात आहे. तुम्ही तुमची पहिली नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत काढा. दुपारी बाहेर तसंही पडता येत नाही, खिडकीला खसाची ताटी आणि कूलर सुरू असला की पाच तास सलग मिळतात. आणि नावं आधी तपासा.