अंगणातले सशांचे घर: थंडीचा नव्हे, उन्हाचा विचार करून बांधा

नाशिकच्या घरामागील अंगणात दोन ससे ठेवायचे आहेत आणि सुताराने 3 फूट बाय 2 फुटांची, चारही बाजूंनी प्लायवूडची, जाळीच्या तळाची आणि वर पत्रा ठोकलेली पेटी सुचवली आहे. ती चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. कायमचे घर म्हणून ती चालणार नाही. हा नमुना थंड देशांतल्या चित्रांवरून आलेला आहे. तिथे बंद पेटीत ऊब राहते, आपल्याकडे मे महिन्यात तिची भट्टी होते.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर तोही मार्ग खुंटतो. पारा 30 अंशांच्या आसपास गेला की त्याला त्रास होऊ लागतो. माझी पहिली पेटीही पत्र्याचीच होती. एप्रिलमधल्या एका दुपारी पाणी बदलायला गेलो, तेव्हा आमची पांढरी मादी लांब पसरून पडली होती, श्वास भराभर चालू होता, हनुवटीखालची लव लाळेने भिजली होती आणि कान हाताला चटका बसावा इतके तापले होते. साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने कान पुसत तिला घरात आणले आणि तसेच डॉक्टरांकडे नेले, म्हणून ती वाचली. (अशा वेळी बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानेच जनावर जाऊ शकते.)

म्हणून जागा निवडताना पूर्वेचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारनंतर भिंतीची किंवा झाडाची दाट सावली पडेल, अशी निवडा. छताला मंगलोरी कौले उत्तम. पत्राच घालायचा असेल तर वरून चुना मारावा आणि खाली एक वीत मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत करावे. निदान दोन समोरासमोरच्या बाजू जाळीच्या ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. उन्हाळ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा सावलीत ओला करून ठेवा आणि शेजारी मातीचा जुना माठ आडवा करून, बाहेरून ओले गोणपाट गुंडाळून, घरंगळू नये म्हणून दोन विटांमध्ये बसवा. आमची जोडी दुपारी त्या माठात अशी दाटीवाटीने बसते की बाहेरून फक्त चार कान दिसतात.

मापाविषयी म्हणाल, तर ब्रिटनमधील सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांना 3 मीटर बाय 2 मीटर आणि 1 मीटर उंची एवढी जागा सुचवते, म्हणजे साधारण 10 फूट बाय साडेसहा फूट. अंगणात एवढी जागा सहज निघेल. उंची मात्र मी 6 फूट ठेवायला सांगेन, कारण वाकून झाडावे लागणारे घर पहिल्या पंधरवड्यानंतर कोणी नीट झाडत नाही.

जाळीच्या तळाला माझा ठाम विरोध आहे. मांजर-कुत्र्यासारखी गादी सशाच्या पायाला नसते, नुसती लव असते. तारेवर बसून ती झिजते आणि तळव्यांना जखमा होतात. तळ मातीचाच ठेवा, पण इथे एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. आपला रानससा बीळ खणत नाही, तो गवतात दबून बसतो. पाळीव ससा मात्र युरोपातल्या बिळे करणाऱ्या सशाचा वंशज असल्यामुळे एका रात्रीत जाळीखालून बाहेर जाऊ शकतो. त्यासाठी सगळ्या तळाखाली जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश (तारांचे सांधे वेल्डिंगने जोडलेली चौकोनी छिद्रांची जाळी) अंथरून ती बाजूच्या जाळीला तारेने बांधा आणि वर किमान 1 फूट माती टाका. खणण्याची हौसही भागते आणि घूस खालून शिरत नाही. बाजूंनाही अर्धा इंच छिद्राची वेल्डमेशच हवी. कोंबड्यांची षटकोनी जाळी कुत्रा दातांनी फाडतो आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून सापही आत येतो. दाराला नुसता आकडा नको, बोका तो उचलतो. वर आणि खाली अशा दोन कड्या लावा.

पावसाळ्यासाठी जोते 9 इंच उचला, तळाला एका बाजूस उतार द्या आणि पाऊस ज्या बाजूने झोडपतो तिथे गुंडाळता येणारी ताडपत्री लावा, मात्र वरची फूटभर फट उघडी राहू द्या. कोंदट जागेत लघवीचा उग्र वास साठतो आणि सशांना शिंका सुरू होतात. ओला पेंढा त्याच दिवशी काढा, बुरशी आलेले गवत टाकून द्या आणि पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली पाहा. तिथली लव घाण राहिली तर माश्या अंडी घालतात, दिवसभरात अळ्या होतात, आणि मग डॉक्टरांकडे नेईपर्यंतही वेळ उरत नाही.

सुताराची पेटी वाया घालवू नका. तळाची जाळी काढून फळी बसवा, मागची बाजू हवेसाठी खाली अर्धी कापा, वरचा पत्रा काढून फळी ठोका आणि ती या घराच्या सावलीतल्या कोपऱ्यात निजायची खोली म्हणून ठेवा. तिला दारे मात्र दोन करा, कारण दोघांत कुरबुर झाली की एक ससा दारातच अडून बसतो आणि दुसरा आत कोंडला जातो.