बागेवरून सुचलेलं विणकाम घरासाठी करता येईल का? आपल्या उन्हाळ्यात ते चालेल का?

ताई, तुम्हाला सुयांवरचं विणकाम येतं, सांदवाडीत, म्हणजे घरालगतच्या बागेत, वेल आणि फुलझाडं आहेत, त्यावरून पडदे, अभ्रे असं काही वेगळं करायचंय. पण यवतमाळकडच्या उन्हात लोकर घरात कोण ठेवणार, हा तुमचा प्रश्न. मी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली, माझ्याही घरी लोकर डिसेंबर-जानेवारीपुरतीच. सूत घ्या.

गुलाबाचं फूल विणून उशीवर टाचायचं असेल तर राहू द्या, ते भरतकामात जास्त देखणं होतं. बागेचं चित्र काढण्यापेक्षा बागेची बांधणी टाक्यांत आणा. वांग्यांच्या सरी-वरंब्यांसाठी दोन सुलट, दोन उलट असे टाके घाला. ही वीण ताणली जाते, त्यामुळे अभ्रा उशीवर घट्ट बसतो. कारल्याची खरबरीत साल हवी तर एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलट दिसेल तिथे उलट, उलट दिसेल तिथे सुलट.

मला सगळ्यात आवडतो दोडक्याच्या मांडवाचा पडदा. खालची पट्टी विणून झाली की दर सात-आठ टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा. मग साधं, म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असं विणत वर जायचं. शेवटच्या ओळीला तो वाढवलेला टाका सुईवरून मुद्दाम सोडून द्यायचा! तो ओळीओळीने उसवत खाली येतो आणि जिथे वाढवला होता तिथेच थांबतो. मागे आडव्या दोऱ्यांची शिडी उरते. सूत गुळगुळीत असेल तर टाका भराभर उतरतो, नाहीतर सुईच्या टोकाने एकेक ओळ सोडवावी लागते. टाके सुटले की कापड रुंदावतं, म्हणून वरची कड सैल बंद करा. मग चार टाक्यांची बारीक दोरी विणून या शिड्यांमधून वेलासारखी ओवा. वेलाला साध्या विणीची पानं जोडलीत तर त्यांच्या कडा आपोआप वळतात. लोक त्या इस्त्रीने दाबतात, मी तशाच ठेवते. वैशाखातलं पान सरळ असतं कुठे?

आता सुताचं. एकपदरी सुताची साधी वीण धुतल्यावर एका बाजूला तिरकी होते, कारण पीळ एकाच दिशेचा असतो. दुपदरी सूत घ्या, किंवा सुलट-उलट मिसळलेली वीण ठेवा. शिवाय सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, पडदा स्वतःच्या वजनाने लांबतो. हातभर नमुना विणा, धुवा, चिमटे लावून टांगा, दुसऱ्या दिवशी मोजा. जेवढा लांबला त्या हिशोबाने पडदा आखूड धरा. नमुना न करता थेट पडद्याला हात घालणाऱ्यांना मी काही सांगायला जात नाही.

रंग घरचे हवे असतील तर सूत आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत. नुसत्या तुरटीवर सूत नीट रंग धरत नाही. फाल्गुनात पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी मिळतो, झेंडूचा पिवळाही छान. हळद मात्र खिडकीसाठी नको, उन्हात उडून जाते. हिरड्यावर गंजक्या लोखंडाचं पाणी दिलं की करडा-काळा येतो, अगदी आपल्या वावरातल्या मातीचा. सरी-वरंब्याच्या उशीला तोच शोभतो. फक्त लोखंड जपून, जास्त झालं तर सूत कुजतं. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगातली खादी हातात घेऊन बघा. 1938 सालची संस्था आहे ती, रंगांचा अंदाज येईल.

सुरुवात अभ्र्यापासून करा. पडदा खूप वेळ खातो, आणि विकायला काढला तर तेवढ्या वेळाचे पैसे गावात कोणी देत नाही. कूलर असलेल्या खिडकीला तर हा पडदा लावूच नका, ओलं सूत जड होऊन पार जमिनीला टेकतं.