कापलेल्या ओळींचा नकाशा आणि बेलरचे आपोआप चालणे : तीन शंकांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो,

चारा कापणीसंबंधी आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न एकाच विषयाचे असल्यामुळे त्यांना एकत्र उत्तर देत आहे. एका शेतकऱ्याने विचारले आहे की, कापणीच्या वेळी ट्रॅक्टरने उपग्रहाच्या आधारे नोंदवलेला मार्ग बेलरच्या (गवताच्या गाठी बांधणाऱ्या यंत्राच्या) ट्रॅक्टरला दिला, तरी बेलर कापून पडलेल्या गवताच्या ओळीच्या एका अंगाने चालतो आणि गवताची कड जमिनीवरच राहते, असे का होते? दुसऱ्यांना दाताळे (ओळी ओढून एकत्र करणारे अवजार) फिरवल्यानंतर तोच नकाशा चालेल, की ड्रोनने नवा करावा लागेल, हे हवे आहे. तिसऱ्यांची तक्रार अशी की यंत्र ओळीच्या अगदी मधून जाते, तरीही गाठी पिंपासारख्या मध्ये फुगतात.

पहिल्या प्रश्नाचे मूळ असे आहे की कापणीचा ट्रॅक्टर ओळीची जागा नोंदवत नाही, तो आपल्या छतावरील अँटेनाचा मार्ग नोंदवतो. मोअर (गवत कापणारे यंत्र) बाजूला जोडलेले असेल, तर ओळ ट्रॅक्टरच्या मध्यापासून बरीच बाजूला पडते, आणि हे अंतर संगणकात भरलेले नसेल तर नकाशातील रेषा व जमिनीवरील ओळ यांत तेवढीच तफावत राहते. हे अंतर यंत्राच्या माहितीपुस्तकातून न घेता शेतातच टेपने मोजावे : ट्रॅक्टर सरळ उभा करून, अँटेनाच्या खाली ओळंबा सोडून, तेथून ओळीच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर चार-पाच ठिकाणी घ्यावे आणि त्यांची सरासरी भरावी.

तथापि आकडा बदलण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी, कारण चूक कोठे आहे हे तिच्यावरूनच कळते. सपाट भागात एका ओळीवरून बेलर एका दिशेने न्यावा आणि शेजारच्या ओळीवरून उलट दिशेने आणावा. दोन्ही वेळा गवत चालकाच्या डाव्याच हाताला सुटत असेल, तर चूक यंत्रावर भरलेल्या अंतराची आहे. परंतु जाताना डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला, म्हणजे दोन्ही वेळा शेताच्या एकाच दिशेला सुटत असेल, तर सगळा नकाशाच सरकला आहे, किंवा वाऱ्याने ओळी हलल्या आहेत. नकाशा सरकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कापणीच्या दिवशी आणि गाठी बांधण्याच्या दिवशी आरटीके दुरुस्तीचे (उपग्रहावरून मिळालेल्या जागेतील चूक सुधारणारे) स्थानक वेगळे असणे, अथवा तेच स्थानक उचलून पुन्हा मांडताना त्याने आपली जागा नव्याने ठरवणे. आरटीकेने 2 ते 3 सेंटीमीटरपर्यंत अचूकता मिळते खरी, पण ती त्या स्थानकाच्या तुलनेत असते. दुरुस्तीशिवायच्या साध्या जीपीएसची चूक काही मीटरपर्यंत जाऊ शकते. त्याच्या भरवशावर सुमारे दोन मीटर रुंदीचा पिकअप (बेलरचा गवत उचलणारा भाग) ओळीवर ठेवता येणार नाही.

उताराच्या शेतात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अँटेना जमिनीपासून 3 मीटर उंच असेल आणि ट्रॅक्टर आडवा 5 अंश कलला असेल, तर अँटेना उताराकडे सुमारे 26 सेंटीमीटर सरकते. दोन्ही ट्रॅक्टरांच्या अँटेना सारख्याच उंचीवर असतील तर ही चूक बहुतांशी झाकली जाते. मात्र एकाची कल-दुरुस्ती (कलामुळे आलेली चूक यंत्रानेच सुधारण्याची सोय) चालू आणि दुसऱ्याची बंद असेल तर ती पूर्णपणे उघडी पडते. म्हणून ही दुरुस्ती दोन्हींवर चालू असल्याची खात्री करावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : दाताळ्याने दोन ओळी एकत्र केल्या की कापणीचा नकाशा मार्गदर्शनासाठी बाद झाला. त्यानंतर दाताळ्याच्या ट्रॅक्टरचा मार्ग नोंदवावा, किंवा ड्रोनने पाहणी करावी. ड्रोनची छायाचित्रे एकमेकांवर 70 ते 80 टक्के येतील अशी घ्यावीत आणि ओळ रंगावरून न शोधता उंचीवरून शोधावी, कारण वाळलेले गवत आणि खालचे खुंट यांचा रंग जवळजवळ एकच होतो, उंचीतला फरक मात्र टिकतो. पाहणी आणि गाठी बांधणे यांत शक्य तितका कमी वेळ जाऊ द्यावा. माझे मत असे की ट्रॅक्टरच्या पुढे ओळ पाहणारा कॅमेरा किंवा लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण) असल्यास यंत्राने ओळीवर राहण्याचे काम त्याच्याकडे द्यावे आणि नकाशाचा उपयोग ओळींचा क्रम, वळणे व दाट जागी वेग कमी करणे यांसाठी करावा. धूळ दाट झाली की कॅमेरा आणि लायडार दोन्ही चुकतात; अशा वेळी चालकाने चाक स्वतःच्या हाती घ्यावे.

तिसऱ्या तक्रारीत यंत्राची अचूकता हेच कारण आहे. ओळ बेलरमधील गाठ तयार होण्याच्या कक्षापेक्षा अरुंद असताना बेलर सतत तिच्या मधोमध चालला, तर गवत कक्षाच्या मध्यभागीच साठते व कडा पोकळ राहतात. अनुभवी चालक म्हणूनच यंत्र थोडा वेळ ओळीच्या डाव्या अंगाला आणि थोडा वेळ उजव्या अंगाला धरतो. आपल्या प्रणालीत रेषा बाजूला सरकवण्याची सोय असेल तर ती अशीच आलटून-पालटून वापरावी. नसेल तर दाताळ्याची रुंदी वाढवून ओळच कक्षाएवढी रुंद करावी. ओळीवरून नागमोडी फिरत राहू नये, त्याने कडांना गवत पुरेसा वेळ मिळत नाही.