डच पूर्वजांचा माग: आधी पुकाऱ्याची वही उघडा

सुनेच्या माहेरचा मूळ पुरुष 1650 च्या सुमारास न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, लग्न करून राहिला. त्याचे नेदरलंड्समधले गाव कसे कळेल?

तिथल्या डच रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट) चर्चच्या लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी 1639 पासूनच्या आहेत आणि छापील स्वरूपात मिळतात. आधी लग्नाची नोंद काढा. नवऱ्याच्या नावापुढे 'जे. एम.' असेल तर तो अविवाहित तरुण, मुलीसाठी 'जे. डी.'. त्यापुढे 'फान' आणि गाव. 'यान पीटर्स, जे. एम. फान होर्न' म्हणजे होर्न गावचा, पीटरचा मुलगा यान. 'फान होर्न' हे आडनाव धरून शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे आडनाव गाळून नुसते वडिलांचे नाव लावावे, तशी ही पद्धत. यानची मुले 'यान्स' होतात. बायका लग्नानंतरही वडिलांचेच नाव लावत, त्यामुळे मुलांच्या बाप्तिस्म्यात आई शोधताना नवऱ्याचे नाव विसरा. साक्षीदारांची नावे मात्र उतरवून घ्या. बहुतेकदा ते काका, मावशी, आजी असतात.

ॲमस्टरडॅमच्या लग्ननोंदींच्या सूचीत त्याच नावाचे तीन जण निघाले. आपला कोणता?

सूचीवर निर्णय देऊ नका, मूळ पान पाहा. लग्नापूर्वी जोडप्याला इरादा नोंदवावा लागे, मग तीन रविवारी पुकारा होई. या नोंदणीला 'ओंडरट्राउ' म्हणतात. ॲमस्टरडॅमच्या या वह्या 1565 ते 1811 पर्यंतच्या असून शहराच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाने विनामूल्य दिसतात. लग्नाच्या नोंदीपेक्षा इथे कितीतरी जास्त सापडते: गाव, वय, धंदा, राहण्याची गल्ली, आईवडील हयात आहेत का, नसल्यास सोबत कोण आले. विधुर असेल तर बहुधा आधीच्या बायकोचे नावही.

सर्वांत मोलाचे नोंदीच्या खाली असते: वधूवरांच्या सह्या. लिहिता न येणारा खूण करी. तुमच्या पूर्वजाची सही दुसऱ्या कागदावर असेल तर दोन्ही शेजारी ठेवून अक्षर जुळवा. एकाने वळणदार सही केली आणि दुसऱ्याने नुसती फुली मारली, तर ती बहुधा दोन माणसे. वयावर मात्र फार विसंबू नका, दोनतीन वर्षांचा फरक सर्रास आढळतो. आणि ही तारीख लग्नाची नाही. लग्न साधारण दोनतीन आठवड्यांनी, कधी दुसऱ्याच गावात.

कुटुंब कॅथलिक होते. चर्चच्या वहीत लग्न सापडत नाही.

हॉलंड प्रांतात 1580 नंतर कायदेशीर लग्न रिफॉर्म्ड चर्चमध्ये किंवा नगराधिकाऱ्यांपुढेच होई. म्हणून कॅथलिक, ज्यू, मेनोनाइट (एक वेगळा प्रोटेस्टंट पंथ) यांची लग्ने अधिकाऱ्यांच्या वह्यांत पाहा. धर्मगुरूच्या वहीतही नोंद असू शकते, पण लॅटिनमध्ये: यानचा योआनेस, त्रैनची कॅथरिना झालेली. 1695 नंतरचे लग्न असेल तर हॉलंडमधल्या लग्नकराच्या वह्याही चाळा. ऐपतीप्रमाणे 3, 6, 15 किंवा 30 गिल्डर, गरिबांना माफी. घरची परिस्थिती लगेच कळते.

पुकारा लेउवार्डेनला 10 मे 1680, ॲमस्टरडॅमला 20 मे. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. हॉलंडने ग्रेगोरियन पंचांग 1583 पासूनच घेतले होते, लेउवार्डेन ज्यात येते त्या फ्रीसलंड प्रांताने 1701 मध्ये. सतराव्या शतकात जुने पंचांग दहा दिवस मागे, म्हणजे दोन्ही तारखा एकच.

पूर्वज डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोचीनला होता.

कोचीनच्या सेंट फ्रान्सिस चर्चची डच बाप्तिस्मा-विवाह वही 1751 ते 1804 ची आहे. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीच्या जहाजांच्या पगारवह्यांची (1699 ते 1794) सूची आहे. तीत नाव, गाव, जहाज आणि नोकरी कशी संपली ते मिळते. गाव कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आहे, तेव्हा मोठ्याने वाचून पाहा. तरीही नकाशात सापडले नाही तर जर्मनीत शोधा. कंपनीचे पुष्कळ शिपाई तिकडचे होते.