मर नाही, तरी बर्ड फ्लूची धास्ती कशाला?

प्रश्न : जिंतूर तालुक्यातील एक कुक्कुटपालक विचारतात, की त्यांच्या शेडमध्ये अंडी घटली आहेत, काही कोंबड्या शिंकतात, मात्र मर (पक्षी दगावणे) अजिबात नाही, अशा आजारापासून माणसाला धोका कसा, आणि त्याच आवारात बदके व डुकरे पाळावीत काय?

उत्तर : जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंबा येथे एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने शेकडो कोंबड्या दगावल्या, तेव्हापासून बर्ड फ्लू म्हणजे मोठी मर, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. बर्ड फ्लूचाच एच९एन२ हा सौम्य विषाणू मात्र बहुधा अंडी घटवून आणि शिंका आणूनच थांबतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, आणि खरी अडचण तीच आहे. हे दोन्ही विषाणू ज्या गटातले, त्या इन्फ्लुएन्झा-ए विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच कोंबडीच्या एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले, तर बाहेर पडणाऱ्या विषाणूंत या तुकड्यांची सरमिसळ होते आणि गणिताने तब्बल २५६ जोडण्या संभवतात. त्यांतील बऱ्याच निकामी ठरतात, पण सगळ्याच नाही. चीनमध्ये २०१३ साली माणसांत आढळलेल्या एच७एन९ विषाणूची आठपैकी सहा जनुके एच९एन२ कडून आलेली होती. कोंबड्या आजारी दिसत नव्हत्या, तरी पुढील काही वर्षांत दीड हजारांहून अधिक लोक बाधित झाले.

डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांचे आणि माणसांचे असे दोन्ही विषाणू रुजू शकतात, तर बदके लक्षणे न दाखवता विषाणू बाळगतात. त्यामुळे कोंबड्या, बदके व डुकरे ही तिन्ही एका आवारात ठेवू नयेत. जायकवाडी, येलदरीसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात रानबदके उतरतात, तेथील पाणी निर्जंतुक केल्याशिवाय कोंबड्यांना पाजू नये. १९५७ आणि १९६८ च्या साथींचे विषाणू मानवी फ्लूमध्ये पक्ष्यांची जनुके मिसळून तयार झाले होते, हे ध्यानात घेऊन सर्दी-तापाने आजारी असलेल्या मजुराला शेडमध्ये पाठवू नये. आठवडी बाजारात न विकलेल्या कोंबड्या परत आणून कळपात सोडण्याची आपल्याकडची सवय तर सर्वांत घातक आहे.

शिंका दिसताच पाण्यातून प्रतिजैविके देणे म्हणजे, स्पष्टच सांगायचे तर, पैसा पाण्यात घालणे होय, कारण विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही. हीच लक्षणे मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगातही दिसतात, त्यामुळे निदान प्रयोगशाळेतच होईल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास आजच कळवून नमुने घ्यावेत आणि अहवाल येईपर्यंत पक्षी, अंड्यांचे ट्रे व कोंबडखत शेडबाहेर काढू नये.