घरचा दवाखाना : कापलं, खरचटलं, रुतलं

प्रश्न : विळीवर लाल भोपळा चिरताना डाव्या हाताचं बोट चांगलंच कापलं. सासूबाईंनी लगेच चिमूटभर हळद दाबली आणि रक्त थांबलं. मुलगी म्हणते, जखमेत हळद घालायची नसते. कोणाचं खरं मानायचं? — एक गृहिणी, सांगली

उत्तर : रक्त थांबलं ते हळदीने नव्हे, सासूबाईंनी बोट दाबून धरलं म्हणून. हळदीत जंतुनाशक गुण आहेत, यात वाद नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, बाजारच्या हळदीत रंगाची भेसळही सापडते. शिवाय रक्तात कालवून तिचा लगदा होतो, त्याखाली जखम किती खोल आहे ते दिसत नाही. टाके घालायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना तो लगदा आधी खरवडून काढावा लागतो आणि कळवळायला तुम्हालाच होतं. कॉफीची पूड, चुना, राख, टूथपेस्ट यांचंही तेच.

बोट कापलं की स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि घड्याळ लावून १० मिनिटं तसंच थांबा. चूक होते ती इथे. दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का’ पाहिलं, की नुकती धरलेली गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजलं तर ते काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबरबँड आवळू नका. २० मिनिटं दाबूनही रक्त येत असेल तर दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थांबायला जास्त वेळ लागतो, तेव्हा त्यांचं नाव डॉक्टरांना आधीच सांगा.

रक्त थांबल्यावर धुणं. पिण्याजोगं नळाचं पाणी पुरतं. बारीक धार ५ मिनिटं जखमेवर सोडा, साबण आजूबाजूच्या कातडीला लावा. डेटॉल-सॅव्हलॉन बाटलीतून थेट ओतू नका. जंतू मरतात, पण जखम भरून काढणाऱ्या पेशीही भाजतात. फसफसणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच, फेस बघून समाधान वाटतं इतकंच.

पट्टी बांधण्याआधी बोटाचं प्रत्येक पेर वेगवेगळं वाकवून आणि सरळ करून पाहा, टोकाला स्पर्श नेहमीसारखा कळतो का तेही. पेर वळत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल तर आतला स्नायूबंध किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो, मग वरून जखम कितीही लहान दिसो. जखमेचं तोंड उघडं राहतंय, आत पिवळसर चरबी दिसतेय, जखम चेहऱ्यावर किंवा सांध्यावर आहे, तरी टाक्यांसाठी जा. ६ ते ८ तासांच्या आत गेलेलं बरं. आणि चिकटपट्टी बोटाभोवती घट्ट गोल गुंडाळू नका. बोट सुजलं की तीच फास होते.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा सायकलवरून खडीवर पडला, गुडघा सोलवटला. घरातली मोठी माणसं म्हणतात, जखम उघडी ठेव, वारं लागलं की खपली धरते. पट्टी लावली तर ती चिकटते आणि काढताना तो आकांत करतो. — एक आई, पुणे

उत्तर : ‘वारं लागू दे’ हा सल्ला बहुतेक घरांत आहे आणि तो जुना झाला. इंग्लंडमधल्या जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर प्रयोग केला. काही उथळ जखमा उघड्या ठेवल्या, काही प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे. नव्या पेशी कडेकडून सरकत येतात आणि त्यांना ओलावा लागतो. कोरडी खपली वाटेत असली की तिच्याखालून भुयार खणत जावं लागतं.

पण आधी खडी काढा. शाळेतून आल्यावर घाईघाईने मलम फासून वर पट्टी मारली, की बारीक कच आत राहते आणि कातडी तिच्यावरून जुळून येते. मग गुडघ्यावर गोंदल्यासारखे निळे-काळे ठिपके कायमचे राहतात. मुलाला वजनानुसार पॅरासिटामॉल द्या, अर्ध्या तासाने गुडघा नळाखाली धरा. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉझने, अगदीच अडलं तर नव्या मऊ टूथब्रशने, हलक्या हाताने घासा. वर राहिलेले कण स्वच्छ चिमट्याने काढा. खोल रुतलेल्या कणासाठी सुईने टोकरत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. ट्यूबमधली घ्या, सगळ्या घराची बोटं बुडालेल्या डबीतली नको. वर न चिकटणारी पट्टी किंवा पॅराफिनची जाळी, त्यावर गॉझ. कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, त्याचे धागे आत अडकतात. पट्टी रोज बदला, भिजली-मळली तर लगेच. चिकटलीच तर ओढू नका, ५ मिनिटं पाणी सोडून भिजू द्या, आपोआप सुटते.

स्वच्छ धुतलेल्या खरचटण्याला अँटिबायोटिक मलमाची सहसा गरज नसते. निओमायसिन असलेल्या मलमाने काहींना खाज आणि पुरळ येते, मग लोक ‘जखम चिघळली’ समजून आणखी मलम थापतात! पावडर तर नकोच, ती ओलावा शोषून टणक पापुद्रा धरते.

थोडी लाली आणि ठणका पहिले दोन दिवस असतोच. दोन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, लाली पसरू लागली, पू आला, ताप आला किंवा जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : गंजका खिळा लागला की टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन दर वेळी घ्यायचं का? — एक सुतार, नाशिक

उत्तर : दर वेळी नाही. आणि दोष गंजाचा नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत, शेणात, धुळीत असतात. खिळ्याची जखम अरुंद आणि खोल, तिथे हवा पोचत नाही आणि असल्याच जागी ते वाढतात. चकचकीत नवा खिळा मातीत पडलेला असेल तर तोही तितकाच धोक्याचा.

पूर्वी पूर्ण लसीकरण झालेलं असेल, तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला १० वर्षं उलटली असतील तरच इंजेक्शन लागतं. माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेला ही मुदत ५ वर्षांची. पूर्वी काय घेतलं ते आठवतच नसेल आणि जखम घाणेरडी असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागू शकतं. सरकारी दवाखान्यात आता टीटीऐवजी टीडी देतात. त्यात घटसर्पाचीही लस आहे, म्हणून बिचकू नका. तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या होतात, टाचा भेगाळतात. भिरंडेल (कोकमाचं तेल) लावतो. पुरेल का? — एक शेतकरी, सिंधुदुर्ग

उत्तर : टाचेच्या कोरड्या भेगांना भिरंडेल छान. रात्री पाय धुऊन, कोरडे करून लावा. पण रक्त येणाऱ्या भेगेत भरू नका आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांवर तर नकोच. तिथे कोरडेपणा हवा, बुरशी असेल तर तिचं मलम.

खरी काळजी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून त्याचे जंतू भेगेतून आत शिरतात. जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. चिखलात उतरताना गमबूट घाला, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर आरोग्य केंद्रात जा आणि ‘शेतात पाण्यात होतो’ हे आपणहून सांगा. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक मनाने घेऊ नका.

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे. नव्या चपलेने अंगठ्याजवळ फोड आलाय, दुखत मात्र नाही. — एक वाचक, अकोला

उत्तर : दुखत नाही हीच काळजीची गोष्ट, पायाची संवेदना गेलेली असू शकते. फोड फोडू नका, कुरूपाची औषधी पट्टी लावू नका, ती चपल बाजूला ठेवा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा. यापुढे रोज रात्री तळवे आरशात पाहायचे.

प्रश्न : घरच्या पिल्लाचा दात खेळताना लागला. रक्त नाही, नुसता ओरखडा. — एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : ओरखडा म्हणजे कातडी फाटलीच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना, तेल लावू नका, पट्टीही बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. रक्त नसलेल्या ओरखड्यालाही रेबीजची लस लागते. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). रक्त आलं असतं तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागलं असतं. पिल्लू १० दिवस नजरेखाली ठेवा, पण ते दिवस संपायची वाट बघत पहिला डोस लांबवू नका.