जागेला झेपेल तेवढेच : ई-कचऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात ई-कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेवर लिहिल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच अडचण मांडलेली आहे. काम करायची इच्छा आहे, पण जागा लहान आहे, पाणी किंवा वीज पुरेशी नाही, किंवा जमीनच सखल आहे. जगभरात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. त्यामुळे लहान जागेतील नीट कामही मला मोलाचे वाटते. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे सुमारे १,००० चौरस फुटांची शेड असून वीजजोडणी सिंगल फेज आहे. श्रेडर (उपकरणे दळून त्यांचे तुकडे करणारे यंत्र) बसवल्याशिवाय आमच्या कामाला पुनर्प्रक्रिया म्हणता येणार नाही, असे सहकाऱ्यांचे मत आहे. जागा वाढवणे शक्य नाही. काय करावे?

उत्तर : आपण श्रेडर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. औद्योगिक श्रेडरची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह खेचते. त्याच्या कंपनांसाठी वेगळा भक्कम पाया लागतो, आणि शिसे व ज्वलनरोधक रसायने मिसळलेली त्याची धूळ पकडणारी यंत्रणा आपल्या शेडचा मोठा भाग व्यापून टाकेल. मात्र जागा आणि वीज मुबलक असती, तरीही मी आपल्याला थोडे थांबायला सांगितले असते. मोबाइल फोनच्या एक टन सर्किट बोर्डांत शेकडो ग्रॅम सोने असू शकते, तर खाणीतील एक टन खनिजात ते बहुधा काही ग्रॅमच असते. हे सोने अतिशय पातळ थरांच्या रूपात असते. अख्खे उपकरण दळले की ते धुळीत जाते आणि लोखंड, ॲल्युमिनियम व प्लास्टिकच्या ढिगांत विखुरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दळण्यावर भर असलेल्या प्रक्रियेत सोने व पॅलेडियम हा मौल्यवान धातू यांचा केवळ चौथा हिस्सा ते परत मिळवता येईल अशा ढिगात पोहोचल्याचे दिसले होते. उलट पेचकस घेऊन बसलेला माणूस सर्किट बोर्ड अख्खा बाहेर काढतो.

म्हणून आपल्या शेडीचे काम हाताने सुटे करणे आणि वर्गवारी करणे एवढेच ठरवावे, आणि बोर्ड मोठ्या धातुशोधन कारखान्याकडे जातील अशी व्यवस्था करावी. बेल्जियममधील होबोकेन किंवा स्वीडनमधील रोन्शेर येथील कारखान्यांसारख्या ठिकाणी उच्च तापमानाच्या भट्ट्या आणि विषारी वायू पकडणारी यंत्रणा असते. ती लहान प्रमाणात उभारता येत नाही. माल दुसऱ्या देशात जाणार असेल, तर घातक कचऱ्याच्या देशांमधील वाहतुकीविषयीच्या बाझल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे १ जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारच्या ई-कचऱ्यासाठी पूर्वसूचना आणि संबंधित देशांची संमती आवश्यक झाली आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे.

आता शेडीच्या आखणीविषयी. अशा ठिकाणी जागा कामाच्या टेबलांपेक्षा साठवणीतच अधिक जाते, आणि सर्वांत जास्त जागा खातात ती वजनाने हलकी असलेली प्लास्टिकची कवचे. त्यामुळे यंत्रावर खर्च करायचाच असेल, तर पहिले यंत्र गठ्ठे बांधणारे लहान दाबयंत्र असावे. मात्र जुन्या टीव्ही व मॉनिटरच्या पाठच्या कवचांत ब्रोमीनयुक्त ज्वलनरोधक असण्याचा संभव असल्याने त्यांचे गठ्ठे वेगळे ठेवावेत. जाड केबल सोलण्याचे छोटे यंत्र सिंगल फेजवर चालते. माल एका दाराने येऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडावा. दार एकच असेल तर आवक-जावकीच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. बोर्ड थोड्या जागेत मावतात आणि कारखाने ते मोठ्या खेपेनेच घेतात, तेव्हा कुलूपबंद कोपरा त्यांच्यासाठी राखावा. आवक मात्र जावक पाहून ठरवावी, कारण मागील माल बाहेर पडण्याआधी नवा स्वीकारला की वाटा बुजतात, आणि वाटा बुजलेल्या शेडीत आग लागली तर बाहेर पडणे अवघड होते.

प्रश्न : आमच्याकडे जुने टीव्ही आणि फ्रीजही येतात. ते नाकारावेत का?

उत्तर : नाकारू नयेत, परंतु उघडूही नयेत. पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसे असते, पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस प्रस्फुरक भुकटीचा थर असतो, आणि आतील निर्वातामुळे ती फुटताना काच वेगाने उडते. फ्रीजमधील वायू बंद यंत्रणेनेच काढावा लागतो. जुन्या फ्रीजमधील वायू ओझोनच्या थराला घातक आहे, तर अनेक नव्या फ्रीजमधील आयसोब्युटेन ज्वलनशील आहे. अशा वस्तू अख्ख्याच छताखाली ठेवून त्या हाताळण्याची सोय असलेल्या केंद्राकडे पाठवाव्यात.

प्रश्न : आमच्या भागात पाणी फार कमी आहे. केबलच्या तुकड्यांतून तांबे वेगळे करण्यासाठी पाण्यावर चालणारे हलते टेबल (हादरे देऊन जड व हलके कण वेगळे करणारे) उत्तम, असे ऐकले आहे. त्याला पर्याय आहे का?

उत्तर : पर्याय आहे, आणि आपल्या ठिकाणी तोच अधिक योग्य ठरेल. पाण्याच्या टेबलाचे पाणी फिरवून वापरता येते हे खरे, परंतु त्यात शिशाचे व तांब्याचे बारीक कण साचत जातात आणि शेवटी उरणाऱ्या गाळाचा प्रश्न लहान केंद्राला सोडवता येत नाही. हवेच्या झोतावर चालणारे टेबल हेच काम कोरडे करते. मात्र त्यासाठी सर्व तुकडे जवळजवळ एकाच आकाराचे हवेत, कारण तांब्याचा बारीक कण आणि प्लास्टिकचा मोठा तुकडा हवेत सारखेच वागू शकतात. टेबल निकामी आहे अशी तक्रार जेथे होते, तेथे दोष बहुधा चाळणीत सापडतो. आधी दोन-तीन आकारांत चाळावे आणि प्रत्येक आकार वेगळा चालवावा.

त्याहून बारीक मालासाठी स्थिरविद्युत विलगीकरण, म्हणजे विद्युतभाराच्या साहाय्याने कण वेगळे करण्याची पद्धत असते. त्याचा शत्रू म्हणजे दमट हवा. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ओलावा बसला की त्यावरील विद्युतभार टिकत नाही आणि तांबे व प्लास्टिक पुन्हा एकत्र पडतात. कोरड्या प्रदेशात ही अडचण वर्षाचा बराच काळ येत नाही, तेव्हा पाण्याची टंचाई असलेल्या जागेला याबाबतीत हवेचीच साथ मिळते. कोरड्या कामात धूळ मात्र अधिक उडते. केरसुणी आणि दाबाची हवा दोन्ही वर्ज्य समजावीत आणि बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनरच वापरावा.

प्रश्न : लिथियम बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र खोली नाही. कोठे ठेवाव्यात?

उत्तर : खोली नसेल तर अंतर राखावे. मालातून बॅटरी काढण्याचे टेबल दाराशीच असावे, म्हणजे उपकरणात दडलेली बॅटरी दाबयंत्रापर्यंत पोहोचणार नाही. प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या कोरड्या वाळूचे थर देत धातूच्या पिंपात ठेवाव्यात. पिंपाचे झाकण हवाबंद करू नये, कारण आत वायू साचला तर त्याला वाट हवी. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी शेडीबाहेर, सावलीत, भिंती आणि दारांपासून दूर ठेवावी, आणि पिंप भरण्याची वाट न पाहता खेप पाठवावी. पेटलेल्या बॅटरीच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असू शकतो, म्हणून आधी माणसे बाहेर काढावीत.

प्रश्न : थोडेसे बोर्ड आम्लात टाकून गच्चीवर सोने काढले, तर लहान प्रमाणात चालेल का?

उत्तर : नाही. नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणातून निघणारे वायू फुप्फुसांना इजा करतात आणि उरलेल्या आम्लात तांबे, शिसे व निकेल विरघळलेले असते. ते जमिनीत मुरले की परत काढता येत नाही. केबल जाळण्याबाबतही हेच उत्तर आहे, कारण पीव्हीसी आणि तांबे एकत्र जळताना डायॉक्सिन ही अतिविषारी रसायने तयार होतात. या दोन कामांसाठी कोणतीही लहान जागा जुळवून घेता येत नाही, आणि आपण ती करू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमची जागा सखल आहे आणि अतिवृष्टीत पाणी आत येते.

उत्तर : पाणी आजवर जेथपर्यंत चढले असेल तेथे भिंतीवर खूण करावी आणि बॅटऱ्या, टोनर व पाऱ्याच्या नळ्या त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवरच ठेवाव्यात. जुन्या एलसीडी पडद्यांच्या मागे अशा बारीक नळ्या असतात, त्या अख्ख्या निघाल्या तर बंद नळकांड्यात ठेवाव्यात. काँक्रीटच्या फरशीतून पावसाच्या गटारात उघडणारे तोंड असेल तर ते बुजवावे. तेल किंवा आम्लाचे पिंप ज्या कठड्यात उभे असतील, त्या कठड्यात सर्वांत मोठ्या पिंपाच्या ११० टक्के द्रव मावला पाहिजे, आणि कठड्याची कडही भिंतीवरील त्या खुणेपेक्षा उंच असावी.